दादांची पेन्शन, मामांचा फंड

मामा गेल्याची बातमी आली ती मालगाडीबरोबर. मी आठवीच्या वर्गावर होते. स्टेशनवरचा पोर्टर सायकल शाळेच्या भिंतीला टेकवून दारात उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली, आणि ती टोपी बघूनच मला कळलं. "बाई, मुकादम गेले. कऱ्हाडहून आलेल्या गार्डानं सांगितलं," तो म्हणाला. सकाळी सोप्यात बसून चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीला मान टेकली, एवढंच. मी आणि माझे यजमान सांगलीहून मिळेल त्या पॅसेंजरनं निघालो. गावी पोचलो तर माझे वडील साताऱ्याहून आमच्या आधीच आलेले. रेल्वेतून असिस्टंट इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले माझे दादा रुळांवर काम करणाऱ्या टोळीतल्या माणसांच्या घोळक्यात जमिनीवर बसले होते. कोणी त्यांना सतरंजी दिली होती, ती त्यांनी बाजूला सारलेली दिसली… या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. लिहीन लिहीन म्हणत होते, पण मामांबद्दल लिहायचं तर दादांबद्दलही लिहावं लागतं, आणि तिथं हात अडत होता.

मामा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एका टोळीचे ते मुकादम होते. रूळ, त्याखालचे स्लीपर, खडी, सगळं जागच्या जागी ठेवायचं हे टोळीचं काम. उन्हात पाठ भाजायची, थंडीत लोखंड हाताला चिकटायचं. त्याच मार्गावर दादा आधी इन्स्पेक्टर आणि मग साहेब झाले. दादासुद्धा वाईजवळच्या शेतकऱ्याच्या घरातलेच, फक्त त्यांना शिकायला मिळालं. दादांची ट्रॉली यायची, चार माणसं ती रुळांवरून ढकलायची, आणि मामा रुळाच्या कडेला उभे राहून सलाम करायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. मामांच्या टोळीच्या हद्दीत गाडी कधी हिंदकळत नाही, असं दादा घरी आईला सांगायचे, ते मी लहानपणी ऐकलेलं आहे. पण आपला साहेब असं म्हणतो हे मामांना कोणी सांगितलं नव्हतं.

माझं लग्न जमलं ती हकिगत मामा फार रंगवून सांगत. त्यांचा मुलगा कऱ्हाडला कॉलेजात चांगला शिकत होता, सांगलीच्या एका बँकेत त्याला नोकरी लागली होती. दादांनी त्याला एकदोनदा पाहिलं आणि मनाशी ठरवलं. मग एके दिवशी दादांची ट्रॉली भलत्याच वेळी टोळीजवळ येऊन थांबली. साहेब उतरले, मुकादमांना बाजूला घेऊन गेले. मामांनी विचारलं, "सायेब, काय चुकलं का?" दादा म्हणाले, "मुकादम, माझी मुलगी तुमच्या घरात द्यायचा विचार आहे." मामा दोन पावलं मागं सरकले. मग म्हणाले, "सायेब, गरिबाची चेष्टा करू नगा." दादा चेष्टा करणारे नव्हतेच. लग्न झालं, पण व्याह्यांची पंचाईत सुटली नाही. मामा आमच्या साताऱ्याच्या घरी आले की उंबऱ्याच्या आत येईनात, आले तर बसेनात. दादा खुर्ची पुढं करायचे आणि मामा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या सायेब, हितं बरं हाय," आणि दाराजवळ उकिडवे बसायचे. व्याही म्हणून 'पाव्हणं' म्हणायचं सोडून त्यांच्या तोंडून कायम 'सायेब'च निघायचं. माझी आई यावर खूप चिडायची, पण कोणावर चिडायचं हे तिलाही कळत नसावं.

दोघंही निवृत्त झाले थोड्या महिन्यांच्या अंतरानं, मार्ग ब्रॉडगेज झाल्यानंतर, नव्या वेतनश्रेण्या आल्या त्या सुमारास. दादांच्या निरोपाला कचेरीत मंडप घातला होता, भाषणं झाली, शाल मिळाली. मामांच्या निरोपाला टोळीनं रुळाजवळच नारळ फोडला, हार घातला, आणि हार गळ्यात तसाच ठेवून मामा आपल्या हद्दीतून शेवटचं चालून आले. मला दोन्ही निरोप सारखेच गोड वाटले होते. फरक कळायला पुढची वर्षं जावी लागली. दादांना दर महिन्याला पेन्शन यायची. मामांना मिळाला फंड, एकदम, एकाच वेळी. फंड हातात आला तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, मुकादमाचं नशीब उघडलं. त्यातून घरावर कौलं आली, धाकट्या वन्संचं लग्न झालं, आजारी भावाचा दवाखाना झाला. कुठलाच खर्च उधळपट्टीचा नव्हता, आणि तरीही बघता बघता फंड आटला. जे उरलं ते मामांनी सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आत्यांच्या नावानं पोस्टात ठेवलं आणि घरात जाहीर केलं, "ह्ये माझ्या माघारी हिला. कुणी हात लावायचा न्हाई, म्या बी न्हाई."

एकाच मार्गावर राबलेल्या दोन माणसांत हा फरक कसा पडला, असं मी एकदा सरळ मामांनाच विचारलं होतं. तेव्हा त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत पेन्शनची योजना आली. आधीपासून नोकरीत असलेल्यांनी लिहून द्यायचं होतं, पेन्शन हवी की जुना फंडच चालू ठेवायचा. दादा तेव्हा इन्स्पेक्टर होते. ते स्टेशनात टोळ्या गोळा करून इंग्रजी परिपत्रक मराठीत सांगत होते. नोकरी संपल्यावर एक तर फंड एकरकमी घ्या, नाही तर मरेपर्यंत दरमहा पेन्शन घ्या. टोळीत हसू उसळलं. मरेपर्यंत म्हणजे किती दिवस? मामांचे वडील लवकर गेलेले, तीन भावांतले दोन लवकर गेलेले. "आमच्या घरात म्हातारपण कुणी बगितलंय?" मामा मला म्हणाले. "म्हटलं, जगणाऱ्यानं पेन्शन घ्यावी. आपल्याला रोकडा बरा. पोरांच्या तरी हाताला लागंल." मग त्यांनी दादांना विचारलं होतं, "सायेब, तुमी काय घेतलं?" आणि दादांनी उत्तर दिलं होतं, "ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, मुकादम."

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कागदावर दोघांना निवड सारखीच होती. पण दादांच्या बरोबरीच्या जवळजवळ सगळ्यांनी पेन्शन घेतली आणि टोळ्यांमधल्या जवळजवळ सगळ्यांनी फंड. साहेब लोक चहा पिताना एकमेकांना विचारत होते, हिशेब करत होते, आणि मुख्य म्हणजे सरकार पैसे देत राहील यावर त्यांचा विश्वास होता, कारण त्यांच्यासाठी सरकार म्हणजे रोज भेटणारी माणसं होती. टोळीतल्या माणसाला सरकार भेटायचं ते ट्रॉलीवरून, पुढं निघून जाणारं. त्यानं पुढच्या वीस वर्षांचा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा?

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी दादांना कऱ्हाडकडच्या एका साखर कारखान्यानं बोलावलं. कारखान्यापर्यंत रुळाचा फाटा आणायचा होता, जागा बघून सल्ला द्यायचा होता. स्टेशनवर जीप आली, बरोबर कारखान्याची दोन माणसं. कारखान्याच्या फाटकाशी जीप पोचली तेव्हा खाकी कपड्यातल्या पहारेकऱ्यानं आडवा बांबू वर केला आणि कडक सलाम ठोकला. दादांनी सवयीनं मान हलवली, मग वळून बघितलं. ते मामा होते. मामा समोर बघत ताठ उभे राहिले होते. ओळख दाखवली तर कारखान्याच्या माणसांपुढं व्याह्याला खाली बघावं लागेल म्हणून. दादांनी जीप थांबवायला सांगितली. उतरले, चालत मागं फाटकापर्यंत गेले.

"हे काय, मुकादम?"

"सायेब, गाडीत बसा. लोक बगत्यात."

"बघू देत. कधीपासून करताय हे?"

"झालं की दीस. हात रिकामं ऱ्हाईना झालं, म्हून." आणि आवाज खाली आणून, "पोरीला काय सांगू नगा. तिला वाटंल, सासऱ्याला पोसायची तिच्या घरात ऐपत न्हाई."

आम्हाला खरोखरच काही माहीत नव्हतं. आम्ही गावी जायचो तेव्हा मामा रजा काढून घरी बसलेले असायचे. ते पाळीनं पहारा करायचे, दिवसा कधी, रात्री कधी, आणि घरी आले की गुडघे शेकत बसायचे, असं आत्यांनी नंतर सांगितलं. दादा त्या दिवशी काम कसंबसं उरकून साताऱ्याला न जाता थेट सांगलीला आमच्या घरी आले. जेवायला बसले आणि ताटावरून उठले. मग आम्हाला सगळं सांगितलं. माझे यजमान तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. दादा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले, "जावईबापू, ते तुमच्यावर रागावून तिथं उभे नाहीत. पोस्टातल्या पैशाला हात लागू नये म्हणून उभे आहेत." आम्ही दरमहा काही पाठवायचो. ते मामा आत्यांकडे द्यायचे आणि आत्या त्यातून आमच्या मुलीसाठी सोन्याचा मणी घ्यायच्या.

तेव्हापासून दादा आपल्या पेन्शनबद्दल कुरकुर करेनासे झाले. त्याआधी, दुसऱ्या खात्यातल्या मित्राला किती जास्त मिळते हा त्यांचा आवडता विषय होता. आता ते जुन्या सहकाऱ्यांना गाठून एकच चौकशी करू लागले, आणि त्यातून त्यांना कळलं की नव्या वेतनश्रेण्यांनंतर निवृत्त झालेल्या फंडवाल्यांना पेन्शन घ्यायची आणखी एक संधी दिली आहे. मामा त्यात बसत होते. अट एवढीच, फंडात रेल्वेनं घातलेला वाटा परत भरायचा. आणि तो भरायला मामांजवळ एकच पुंजी होती, आत्यांच्या नावावरची.

दादा, मी आणि माझे यजमान गावी गेलो. दुपारची वेळ, सोप्यात घोंगडी अंथरलेली. दादा मुद्दाम घोंगडीवर बसले, तेव्हा मामा आणखी मागं सरकून भिंतीला लागले. दादांनी शांतपणे समजावून सांगितलं. मामा ऐकून घेऊन म्हणाले, "न्हाई सायेब. तवा सही केली, ती केली. आन् तिच्या पैक्याला हात लावायचा न्हाई." यजमान बोलायला लागले, मामांनी हातानं थांबवलं. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या लग्नापासून त्या दादांशी समोरासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पाव्हणं, येक इचारू?"

"विचारा की."

"ह्येंच्या माघारी मला पेन्शन ऱ्हाती का न्हाई?"

"राहते. एवढी नाही, कमी होते. पण दर महिन्याला मिळते."

"आन् न्हाई बदललं तर?"

"मग पोस्टात आहे तेवढंच."

आत्यांनी मामांकडे बघितलं. "पैसं माझ्या नावावर हायती न्हवं? मग भरा म्हून मीच सांगते."

"अगं, आन् सा म्हयन्यात म्या गेलो तर? समदं पैकं पाण्यात."

"तर सा म्हयनं घरात ऱ्हाल," आत्या म्हणाल्या. "मला तुमच्या माघारीची सोय नगं. हाय तवर त्या फाटकावरनं उठा आन् हितं भाकरी खायला बसा."

मामा खाली बघून बोटानं घोंगडीचं सूत ओढत राहिले. मग, "चा टाक," म्हणाले. आम्ही त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि तो बरोबर निघाला.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. अर्ज गेला, काही राहिलं म्हणून परत आला, पुन्हा गेला. दादा स्वतः पाठपुरावा करत होते. ज्या कचेरीत त्यांना बघून लोक उठून उभे राहायचे, तिथं ते बाहेरच्या बाकावर इतरांबरोबर नंबर लावून बसायचे. एकदा मामाही बरोबर होते. दोघं त्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते, डबा सोडून भाकरी खाल्ली, असं मामा घरी येऊन कौतुकानं सांगत होते. मला वाटतं, त्या बाकावरच प्रथम त्यांना व्याही झाल्यासारखं वाटलं असावं.

मंजुरी आली त्या दिवशी आम्ही दादांना पोचवायला गावच्या स्टेशनवर गेलो होतो. गाडी उशिरा होती. फलाटाच्या टोकाला दादा एकदम थांबले आणि म्हणाले, "मुकादम, तुम्ही तेव्हा मला विचारलं होतं, मी काय घेतलं म्हणून. मी पेन्शन घेतली होती. अर्ज माझ्या खिशात होता." मामा म्हणाले, "ठावं हाय मला. नंतर कळलंच की." आणि पुढं म्हणाले, "तुमी सांगितलं असतं तरी म्या ऐकलं नसतं, सायेब. मला मरायचीच घाई हुती." आणि हसले. मग हसणं थांबलं. "पर सांगायला पायजे हुतं." दादांनी मान हलवली. तेवढंच झालं. गाडी आली, दादा चढले, मामांनी नेहमीसारखा सलाम न करता खिडकीतून हात आत घालून त्यांचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत धरून ठेवला.

मामांनी फाटकावरची नोकरी सोडली. त्यांची पेन्शन दादांच्या पेन्शनपुढं किती लहान होती हे मी सांगत बसत नाही. पगार लहान, म्हणून पेन्शन लहान. दादांनी आरामात राहावं आणि मामांनी जपून राहावं असाच तो हिशेब होता, पेन्शन घेऊनही तो बदलला नाही. पण मामा तिच्याकडे तसं बघत नव्हते. "काम न करता म्हयन्याला पैसं देत्यात, लय भारी लोक हायती," असं ते टोळीतल्या म्हाताऱ्यांना सांगायचे, आणि त्यांच्यापैकी ज्यांना संधी होती त्यांना धरून धरून दादांकडे पाठवायचे. दुपारी झोपायला लागले. आत्यांच्या हाताखाली शेंगा फोडत बसायचे. एकदा आम्ही सगळे मिळून वाईला गेलो. साताऱ्यापर्यंत रेल्वेनं जाताना मामा खिडकीला बसले आणि नदी दिसल्यावर म्हणाले, "ह्या मार्गावर जलम गेला, पर रूळ सोडून काय बगितलंच न्हाई." मग थोड्या वेळानं खाली वाकून, "हितली खडी भरायला झाली," असंही म्हणाले. वाईला नदीच्या घाटावर उतरताना शेवाळलेल्या पायरीवर दादांचा पाय सरकला. मामांनी झडप घालून त्यांचा दंड पकडला आणि ओरडले, "पाव्हणं, सांभाळा!" दोघंही तसेच उभे राहिले. आई माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली. दादा म्हणाले, "आज पडलो असतो तरी चाललं असतं." त्यानंतर सायेब पुन्हा आला, पण मधून मधून पाव्हणंही यायला लागलं.

अशी दोन वर्षं, जेमतेम. दिवसकार्य उरकल्यावर माझे यजमान कागद घेऊन बसले. बँकेतला माणूस, त्यांना राहवेना. परत भरलेली रक्कम किती, हातात आलेली पेन्शन किती… सोप्याच्या कोपऱ्यातून आत्यांनी विचारलं, "काय काढतुयास रं?" ते म्हणाले, "आई, भरले त्याच्या निम्मेसुद्धा परत आले नाहीत." आत्या म्हणाल्या, "दोन वरसं घरात हुते. ते कशात धरलंस?" यजमानांनी कागदाची घडी केली आणि तो पुन्हा उघडला नाही.

गेल्या आठवड्यात आत्यांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचं काम झालं. पहिल्यांदा पैसे घ्यायला त्यांच्याबरोबर कऱ्हाडच्या पोस्टात मी गेले. दादाही साताऱ्याहून आले होते, काठी टेकत, पण आत न येता बाहेर पायरीवर बसून राहिले. खिडकीतल्या तरुण कारकुनानं मान वर न करता विचारलं, "आजी, मयताचं नाव?" आत्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पन्नासएक वर्षांच्या संसारात मी काय, त्यांच्या मुलांनीही ते कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नसेल. गावाला ते मुकादम, आम्हाला मामा, आणि आत्यांना नुसते 'ह्ये'. मी सांगायला पुढं झाले. आत्यांनी माझा हात दाबून मला थांबवलं, पदर नीट केला, खिडकीच्या गजाला धरलं.

"मारुती," त्या म्हणाल्या. कारकुनाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मान उचलून सगळ्या पोस्टाला ऐकू जाईल एवढ्यांदा, मामांच्या वडिलांच्या नावासकट सांगितलं, "मारुती बाळा. रेल्वेतलं मुकादम. म्या त्येंची बायकू."

बाहेर आलो तेव्हा दादा पायरीवरून उठून उभे राहिले होते. आत्या त्यांना म्हणाल्या, "झालं पाव्हणं. आता दर म्हयन्याला घ्यायचं म्हनं." पैसे घ्यायचे की नाव, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.